तव्यावरचं पाणी काय बोलतं?

इंदू,

शोकसभेत तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं. तू मनमिळाऊ होतीस, कामसू होतीस, मुलींवर तुझा जीव होता. मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावरून नीट वाचून दाखवलं आणि मुलींनी माना खाली घालून ऐकलं. मी पहिल्या रांगेत बसून वाट बघत होते, की आता तरी कोणीतरी म्हणेल, ह्या बाईने एकदा सातवीच्या वर्गात स्टोव्ह पेटवला होता. कोणी म्हटलं नाही. मग सगळे उभे राहिले, शांतता पाळली आणि सभा संपली.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी मराठी शिकवणारी बाई, आयुष्यभर शब्दांवर जगलेली, आणि मी हाताने नको म्हटलं. तिथे तुला 'कैलासवासी इंदुमतीबाई' म्हणावं लागलं असतं. तसं म्हणायला लागले असते तर मला पुढचं काही आठवलंच नसतं. इथे कोणी नाही. इथे तुला इंदू म्हणता येतं.

आपलं पहिलं भांडण चहावरून झालं. तू शाळेत नवीन होतीस. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टोव्हवर मी चहा टाकला होता, आणि तू पातेल्यावर वाकून कान लावून उभी होतीस. मला वाटलं, हिचं काहीतरी पडलं आत.

"ताई, ह्याला इंग्रजीत सिमर म्हणतात," तू म्हणालीस. "उकळी फुटायच्या आधीचं. हळू म्हणून बघा. सिमर. अगदी तसंच वाटतंय की नाही?"

"चहा सोलापूरचा, पातेलं सोलापूरचं," मी म्हटलं. "तो इंग्रजीत कशाला उकळेल?"

तू मनापासून हसलीस आणि लगेच वादाला बसलीस. नवीन बाई पहिल्या आठवड्यात वाद घालत नाहीत. तू घातलास. इंग्रजांकडे सापाचा हिस आहे, सोड्याचा फिझ आहे, तव्यावरच्या पाण्याचा सिझल आहे, उकळीचा बबल आहे, घसा खळखळवायचा गर्गल आहे. शब्द तोंडात घेतला की ती वस्तू समोर येते, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, आमच्याकडे काय कमी आहे? साप फुसफुसतो, सोडा फसफसतो, फोडणी चर्र करते, आमटी खदखदते, भात रटरटतो. आमटीला एक आणि भाताला दुसरा शब्द आहे आमच्याकडे. आहे तुझ्या साहेबाकडे?

"नाही," तू ताबडतोब मान्य केलंस. "पण ताई, तुमचे शब्द सगळं दोनदोनदा म्हणतात. खदखद, रटरट, फसफस. साहेब एकदा म्हणतो आणि गप्प बसतो."

"कारण साहेबाला स्वयंपाक करायचा नसतो. उकळी एकदाच येऊन थांबत नाही."

तेव्हा तू मला सांगितलंस की मैंदर्गीला तुमच्या चुलीवर पाणी 'कोतकोत' उकळतं. घरी कन्नड, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी त्यानंतर कधीतरी. आम्हाला आमची भाषा जन्मताच मिळालेली, म्हणून आम्ही तिच्याकडे वळून बघत नाही. तू दोन भाषांच्या घरात पाहुणी म्हणून गेलेली, म्हणून तुला तिथलं भांडं न् भांडं दिसत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला वाटलं, पोरगी जरा आगाऊ आहे.

स्टोव्हची गोष्ट पुढच्या वर्षीची. सातवीच्या मुली इंग्रजीला घाबरून असायच्या. स्पेलिंग पाठ करायच्या आणि शब्द म्हणजे नुसती अक्षरांची माळ, तिचा जगाशी काही संबंध असतो असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तू एका सकाळी पंप मारायचा पितळी स्टोव्ह, एक तवा, एक पातेलं आणि गोटी सोड्याच्या बाटल्या घेऊन वर्गात गेलीस. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. रॉकेलचा वास आला तशी मी पळत आले. बघते तर मुली डोळे मिटून बसलेल्या, आणि तू टेबलामागे पदर खोचून उभी, तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण करणारी.

"आवाज आला की हात वर," तू म्हणालीस. "थांबला की खाली."

पातेल्यात पाणी उकळत होतं. सगळे हात वर गेले. मग तू स्टोव्हची चावी सैल केलीस, हवा सुटली, आणि शांत झाल्यावर, आधीच तापवून ठेवलेल्या तव्यावर ओंजळभर पाणी मारलंस. पुन्हा सगळे हात वर. एक सोडून. खिडकीपाशी पद्मा बसली होती, दोन घट्ट वेण्या घातलेली, कापड विणणाऱ्यांच्या वस्तीतली मुलगी. ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. मग तू बाटलीतली गोटी दाबलीस. टप्प आवाज झाला, पद्माचा हात वर गेला आणि लगेच खाली आला. बाकीच्या मुलींचे हात बराच वेळ वर होते, कारण सोडा फसफसत होता.

मुली खुश होत्या. त्या दिवशी त्यांना फिझ आणि सिझल जन्माचे पाठ झाले. पण तू घंटा झाल्यावर माझ्याकडे आलीस तेव्हा तुझा चेहरा वेगळाच होता.

"ताई, पद्माला बबल ऐकू येतो. हिस येत नाही."

पद्मा आदल्या वर्षी नापास झालेली. आम्ही सगळे म्हणायचो, घरी तेलुगू, म्हणून मराठी कच्चं, आणि मराठी कच्चं म्हणून सगळंच कच्चं. गणिताचे सर तिला हट्टी म्हणायचे, कारण विचारलं एक की उत्तर भलतंच. ती बोलायचीही कमी. बोलली तर 'सोलापूर'चं 'ओलापूर' व्हायचं आणि वर्ग हसायचा.

मधल्या सुट्टीत आपण तिला व्हरांड्यात उभं केलं. तू तिच्या मागे उभी राहून एकेक शब्द म्हणत होतीस, ती ऐकून म्हणत होती.

"डोंगर."

"डोंगर."

"बादली."

"बादली."

"साखर."

पद्मा थांबली. "आखर?"

"शाळा."

"माळा?" म्हणाली आणि वळून तुझ्याकडे बघायला लागली. तू तिच्यासमोर येऊन तोच शब्द पुन्हा म्हटलास, तेव्हा तिने बरोबर ओळखला. तू खाली बसलीस, तिचे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "तू एकटी हे सगळं कसं निभावून नेत होतीस गं?" पद्माला प्रश्न कळला होता. तिचे डोळे भरून आले.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. जन्मापासूनचं असावं. औषध नाही, आणि मशीन लावून आवाज मोठा होईल पण स्पष्ट होईलच असं नाही. तू परत आलीस तेव्हा रडशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "ठीक आहे. निदान काय आहे ते कळलं. आता तिच्या घरी जाऊ."

त्या घराची आठवण झाली की मला आजही तुझा अभिमान वाटतो. पुढच्या खोलीत टॉवेलचा माग, त्याचा खडखडाट असा की छातीत बसतो. पद्माची आई आणि थोरली बहीण आतल्या दारापाशी विड्या वळत बसलेल्या. वडील, मल्लय्या, मागापाशी. त्यांनी माग बंद केला, आपल्याला बसायला दिलं आणि सरळ विषयालाच हात घातला.

"बाई, हिला शाळंत ठिवून काय करू? औंदा परत नापास झाली तर नाव काढणार म्हणतात. त्यापेक्षा घरी बसून विड्या वळंल. आईजवळ शिकंल."

"ती ढ नाही, मल्लय्या. तिला सगळं ऐकू येत नाही."

"असं कसं? घरात तिला सगळं कळतंय की! माग चालू असताना काय बी सांगा, पळत जाऊन आणतीय. शाळंतच ऐकत न्हाय ती."

तुझ्या जागी मी असते तर डॉक्टरांचं म्हणणं समजावत बसले असते. तू मागाकडे बघितलंस, त्यांच्याकडे बघितलंस, मग पद्माकडे.

"मल्लय्या, माग आत्ता बंद आहे. तिच्याकडे पाठ करा आणि काहीतरी मागा. तेलुगूतच मागा."

त्यांना ते विचित्र वाटलं असणार. पण ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत साबण मागितला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पद्मा जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा मागितला. तिला काहीतरी विचारतायत एवढं कळलं होतं, ती आईकडे बघायला लागली. आईचा विडी वळणारा हात थांबला.

"आता माग चालू करा," तू म्हणालीस, "आणि तिच्याकडे तोंड करून तेच मागा."

खडखडाट सुरू झाला. मला माझाच आवाज ऐकू येईना. मल्लय्यांनी पद्माकडे बघून ओठ मोठे करून काहीतरी म्हटलं, आणि ती आत जाऊन साबणाची वडी घेऊन आली.

त्यांनी माग बंद केला. वडी हातात घेऊन ते नुसते उभे होते.

"मंजे ही आमच्या तोंडाकडं बघून ऐकत व्हती," ते हळू म्हणाले. "आन् आमाला वाटलं..."

पद्माची आई उठली, तिने पद्माला जवळ ओढून घेतलं आणि तेलुगूत काहीतरी बोलत तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. ती माफी मागतेय हे तिच्या आवाजावरूनच समजत होतं. तू मल्लय्यांना म्हणालीस, "मला ह्या वर्षीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत वेळ द्या." ते म्हणाले, "द्या काय बाई, घ्या की."

परत येताना तू भरभर चालत होतीस आणि बोलत होतीस. मागावर सगळेच समोरासमोर, तोंड उघडून बोलतात, म्हणून तिथे पद्माचं काही अडत नाही, अडतं ते आपल्या शांत वर्गात. दुसऱ्या दिवशी तू शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलंस, पद्माशी मागावर बोलतात तसं बोला. गणिताचे सर म्हणाले, "आम्ही काय माग चालवतो?" तू न चिडता म्हणालीस, "नाही सर, पण आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो. मीसुद्धा." सर पुटपुटले. पण पुढच्या आठवड्यात मी त्यांना आकडा लिहून, वर्गाकडे वळून, मग बोलताना बघितलं. तुझं हे मला कधीच जमलं नाही. समोरच्याला चूक न ठरवता बदलायला लावायचं.

आणि मग तुझा तो व्हरांड्यातला रोजचा उद्योग. पद्माचा तळहात तू तिच्याच तोंडासमोर धरायचीस. "हिस म्हण. लागली हवा? बारीक, गार? हा स." मग फिझ, ओठावर दात टेकवून. मग बबल, दोन्ही ओठ मिटून उघडायचे. गर्गल म्हणताना तिची बोटं तू तुझ्या गळ्यावर ठेवायचीस. जो आवाज त्या मुलीने जन्मात ऐकला नव्हता तो ती हातावर घ्यायला शिकली. हिसमधला स सापडला तसा साखरेतला सापडला, मग सोलापुरातला. एक दिवस ती माझ्या तासाला उभी राहून धडा वाचत होती, आणि स प्रत्येक ठिकाणी जागेवर होता. तो तिला स्वतःला ऐकू येत नव्हता. आम्हाला येत होता.

त्यावरून आपलं जुनं भांडण नव्याने पेटलं. तू म्हणालीस, "ताई, आवाज न ऐकता तिला शब्द कळला. मग हे शब्द आवाजाची नक्कल करतात असं आपण का म्हणतो? ते तोंडाची नक्कल करत असतील."

"उलटं बोलतेस. तोंड आवाजाची नक्कल करतं."

"मग पद्माला काय कळलं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी म्हटलं, चहा उतू जातोय.

वार्षिक परीक्षेत तोंडी इंग्रजी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः घ्यावी असा तू आग्रह धरलास. तू परीक्षा घेतलीस तर उद्या कोणी म्हणेल की लाडकीला पास केलं. मी दारात उभी होते. बाईंनी पद्माला समोर बसवलं, चष्मा काढून ठेवला आणि सावकाश प्रश्न विचारले. नाव, वर्ग, घरी कोण कोण. शेवटी त्यांनी विचारलं, साप कसा आवाज करतो? पद्माने तळहात तोंडासमोर धरला, जणू खात्री करून घ्यायला, आणि म्हणाली, "हिस." इतकं स्वच्छ की बाई दचकल्या. मग हसल्या. मागे वळून तुला सांगायला आले, तर तू जिन्यात पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होतीस.

पद्मा आता दहावीत आहे. शोकसभेला मल्लय्या आले होते. दाराशी उभे होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाले, "आमच्या घरचं माणूस गेलं बाई."

तुझं हृदय लहानपणच्या तापाने अधू झालेलं आहे हे तू शाळेत कोणाला कळू दिलं नाहीस. जिना चढताना थांबायचीस ते मुलींशी बोलायला, असं आम्हाला वाटायचं. दवाखान्यात मी आले तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. उशाशी पाण्याची बाटली लावलेली, तिच्यातून प्राणवायूचे बुडबुडे वर येत होते. तुला दम लागत होता, तरी तू बाटलीकडे बोट दाखवलंस.

"ऐका ताई... बबलच म्हणतंय की."

"बुडबुड म्हणतंय," मी म्हटलं. "मराठी वॉर्ड आहे."

तू हसलीस आणि तुला खोकला आला, आणि सिस्टर मला रागावल्या. मी तुझे पाय चेपत बसले. तू डोळे मिटून पडली होतीस, पण ओठ हलत होते. मी विचारलं नाही काय म्हणतेस.

नंतर मी पुन्हा दवाखान्यात येत होते तेव्हा टांग्यात मला तुझ्या 'मग पद्माला काय कळलं?' ह्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. इंग्रजीत बबल, मराठीत बुडबुडा, पद्माच्या घरी तेलुगूत बुडग. तिन्हीकडे ब. तिन्हीकडे ओठ आधी मिटतात आणि मग फुटतात, बुडबुड्यासारखेच. म्हणजे तुझं खरं होतं, तोंडच आधी बुडबुडा होतं. पण मग मराठी, तेलुगू, इंग्रजी ह्यांचं भांडणच राहत नव्हतं, आणि 'आमच्याकडे काय कमी आहे?' हे माझंही थोडं खरं होतं. हे तुला कसं सांगायचं, तू त्यावर काय म्हणशील, कुठे अडवशील, ह्याची मी जुळवाजुळव करत होते. टांगेवाल्याला वाटलं असेल म्हातारी एकटीच हसतेय.

मी पोचले तेव्हा तुझ्या खाटेवरची चादर बदलत होते.

हे उत्तर आता मी कोणाला सांगू? मुलींना सांगेन, शिकवेन. पण ते ऐकून "नाही ताई, थांबा" म्हणणारं कोणी नाही. इतकी वर्षं नोकरी केली, कितीतरी हुशार माणसं पाहिली. तू माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होतीस, इंदू. वयाने लहान होतीस म्हणून हे तोंडावर म्हणायचं राहून गेलं. म्हणायला हवं होतं असंही नाही, तू लाजून विषय बदलला असतास. पण ते खरं आहे, आणि मला त्याचा कधीही हेवा वाटला नाही, फक्त आनंद वाटला, की आपण हे जवळून बघतोय.

परवा मैंदर्गीला जाऊन आले. अक्कलकोटला एसटी बदलली. तुझा भाऊ घ्यायला आला होता. तुझ्या आई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही, भाऊ मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होता. मी त्यांना पद्माची गोष्ट सांगितली, स्टोव्हपासून परीक्षेपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. संपल्यावर भावाला काहीतरी सांगायला लागल्या, आणि सांगता सांगता भाऊच थांबला.

"हे मलाबी म्हाईत नव्हतं," तो मला म्हणाला. "आई म्हणतीय, ही लहानपणी बोलायलाच लागंना. शेजारची पोरं बोलायला लागली, पळायला लागली, ही नुसती बघायची. गल्लीत हिला मुकी म्हणायची. आई सगळ्यांशी भांडायची. पण मनातनं तिलाबी वाटायचं, ही आता बोलायची न्हाय."

तू हे मला कधी सांगितलं नाहीस. एवढं बोललीस, इतक्या वर्षांत, इतक्या चहांवर, आणि हे नाही. कदाचित तुलाही माहीत नसेल.

आई माझ्याकडे सरकल्या. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी काहीतरी विचारलं.

"आई विचारतीय," भाऊ म्हणाला, "शाळंत ती बोलायची का?"

"हो," मी म्हटलं. "खूप बोलायची."

भावाने माझ्या 'खूप'चं कन्नडात 'भाळ' केलं, ते त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते पुरलं नाही. माझा हात धरून त्यांनी मलाच पुन्हा विचारलं.

"भाळ?"

ह्या वेळी भावाकडे वळून बघावं लागलं नाही.

"भाळ," मी म्हटलं. "भाळ."

आणि इंदू, तुझ्या आई हसल्या.